मंडईच्या चपला

कुजलेल्या कोबीचा वास नाकात थांबत नाही, थेट घशात उतरतो. परवा रविवारी सकाळी मंडईपाशी रिक्षातून उतरले आणि आधी ओढणी नाकाला लावली. त्या जुन्या दगडी इमारतीचं शिखर कोवळ्या उन्हात खरोखर देखणं दिसत होतं. पण नजर खाली आली की नुसती किळस. काळ्या दगडावर पानाच्या पिचकाऱ्या, पायाखाली फ्लॉवरच्या पाल्याचा लगदा, सडक्या टोमॅटोंवर घोंगावणाऱ्या माश्या. शेजारी एक तरुण जोडपं फोटो काढत होतं, कचरा तेवढा चौकटीबाहेर ठेवून. आपल्या गावाच्या वैभवावर आपण सगळे असंच प्रेम करतो, मान वर करून.

त्या वासाने आई आठवली. हल्ली खराडीला माझ्या घरी दिवसभर खिडकीशी गप्प बसलेली असते ती नव्हे. जुनी, नाक मुरडणारी आई. दर रविवारी ती मंडईत यायची आणि दर रविवारी मंडईच्या नावाने बोटं मोडायची. त्यासाठी तिच्या वेगळ्या रबरी चपला होत्या, कायम दाराबाहेर ठेवलेल्या. ‘मंडईच्या चपला’ हेच त्यांचं नाव. त्या घालून कोणी चुकून उंबरठा ओलांडला, तर सगळं घर पुसून निघायचं. निऱ्या वर खोचून ती गाळ्यांमधून चालायची आणि त्याच घाणीतून सगळ्यात टवटवीत जुडी घेऊन यायची. वडील म्हणत, “एवढी घाण वाटते, तर जातेस कशाला?” ती म्हणायची, “अहो, घाण वाटते म्हणूनच चांगलं दिसतं मला.”

वडील गेले आणि आईची किळस गेली. ऐकायला हे बरं वाटेल, बघायला भयंकर आहे. चहात पडलेली माशी ती बोटाने बाजूला करते आणि कप तोंडाला लावते. ताटातलं चिवडते, वाईट झालंय असंही म्हणत नाही. घरपोच मागवलेल्या, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या अळूचं फदफदं केलं, तेही दोन घासांवर राहिलं. खाणं वाढलं नाही तर नळीने अन्न द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून मी अख्खं शहर ओलांडून इथे आले होते.

लांबून काळ्या देठांचा अळू दिसला, आणि त्याच्याकडे बघत चालताना माझा पाय घोट्यापर्यंत तुंबलेल्या गटारात गेला. भाजीवाल्या बाईंनी शांतपणे पाहिलं.

“गटार जुनंच आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नव्या दिसताय.”

मला संताप आला, रडूही आलं. अळू आणि आंबट चुका पिशवीत कोंबून मी परतले. वाटेत रिक्षावाल्याने आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिलं.

घरी पिशवी ठेवायच्या घाईत बुटांसकट आत गेले. खिडकीकडे वळलेलं डोकं हललं.

“शी!” आई म्हणाली. “मंडईतनं आलीस ना? आधी बाहेर हो. सगळं घर घाण केलंस!”

कित्येक महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती. मी दाराबाहेर बूट काढले आणि ओल्या मोज्यांनिशी तिथेच उभी राहिले. आतून पिशवीचा आवाज आला. आई जुडी सोडून एकेक पान उजेडाला धरून पाहत होती. एक पान तिने नाक मुरडून बाजूला टाकलं. दुपारी फदफदं तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, वर मीठ कमी आहे म्हणाली.

माणूस गेलं की त्याची माया मागे उरते म्हणतात. असेल. मला मात्र जित्या माणसाची नावड परत मिळाली, आणि मला तेवढी पुरते. मंडई मला अजून किळसवाणी वाटते, येत्या रविवारीही वाटेल. बूट मी धुतलेले नाहीत. दाराबाहेर ठेवले आहेत.