खिडकीकडे सरकलेलं समुद्रफूल

आई भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली, तेव्हापासून मी तिच्यावर चिडलेलीच होते. आजारी माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आठवडाभर माझ्या आईला सांभाळून दाखवावं.

साल २००२ असेल. जानेवारीत ती किल्ल्याखालच्या खडकांवर शिंपल्यांतली कालवं काढायला गेली आणि शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, "हाड चांगलं जुळलंय. आता वॉकर घेऊन रोज चालायला हवं. चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील." आईने मान हलवली, घरी आली, आडवी झाली आणि पुन्हा उठली ती फक्त मी काखेत हात घालून न्हाणीघरात नेईन तेवढ्यापुरतीच. वॉकर दाराआड उभा राहिला. त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालायला लागले.

ही बाई आयुष्यभर भरती-ओहोटी बघून घरची कामं ठरवत आलेली. वडील होते तोवर बोटीवरच असायचे, वर्षाकाठी जेमतेम महिनाभर घरी. मला आणि भावाला तिनेच वाढवलं, ओरडून, फटके देऊन आणि कालवांची आमटी खायला घालून. तिचं तोंड कधी बंद नसे. आता ते बंद झालं होतं. एकदाच म्हणाली, "माजा दर्या संपला, बाय." आणि भिंतीकडे वळली. तिला चालता येत नव्हतं असं नाही. तिला चालायचं नव्हतं, आणि माझा संताप होता तो याच गोष्टीचा.

भाऊ मुंबईत. दर रविवारी फोन करायचा. "मे महिन्यात येतो आणि तिला घेऊन जातो," तो म्हणाला. "तू नोकरी करणार की तिचं करणार?"

त्याचं चुकत नव्हतं. मी तेव्हा एकटी, मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला. सकाळी जायची, दुपारी जेवायला यायची, पुन्हा जायची. पण भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि खिडकीतून दिसायचे ते समोरच्या इमारतीचे पाइप. स्वतःच्या घरात न चालणारी बाई ते तीन जिने कधीच उतरली नसती. तिथे तिला नेलं की ती संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"मेपर्यंत ती चालेल," मी म्हटलं.

"आणि नाही चालली तर?"

"चालेल म्हटलं ना!" मी फोन आपटला. ती कशी चालेल याचा मला पत्ता नव्हता.

सुचलं ते असं की, आई दर्याकडे जात नाही तर दर्या घरी आणायचा. बाजारातल्या काचवाल्याकडून एक टाकी करून घेतली, हवेचा छोटा पंप आणला, वर ट्यूबलाइट लावली. टाकी ठेवली आईच्या खाटेसमोर, पडवीकडच्या खिडकीला लागून असलेल्या टेबलावर. मोपेडच्या पुढ्यात कॅन ठेवून खडकांवरून समुद्राचं पाणी आणलं. बंदरातलं पाणी जवळ होतं, पण त्यावर डिझेलचा तवंग.

होळीच्या पौर्णिमेला पाणी खूप मागे जातं. मी रजा टाकली आणि आई पडली होती त्याच खडकांत उतरले. तिथल्या डबक्यांत समुद्रफुलं असतात. लहानपणी आम्ही त्यांच्यात बोट घालायचो. ती आपल्या चिकट पाकळ्यांनी बोट धरायची आणि मग सोडून द्यायची. दिसायला फूल, पण जनावर. खाली एक मांसल बैठक, तिने खडकाला घट्ट धरून बसतं. एकाला नखाने सोडवायला गेले तर त्याची बैठक फाटायला लागली. त्याला तसंच सोडलं. बराच वेळ शोधल्यावर एका सुट्या धोंड्यावर बसलेलं हिरवट, गुलाबी टोकांचं एक सापडलं. धोंड्यासकट बादलीत घातलं आणि घरी आणलं.

टाकीत सोडलं तर त्याने स्वतःला मिटून घेतलं. उरला एक बुळबुळीत गोळा.

"आये, बघ तरी," मी म्हटलं.

आईने मान वळवून एक नजर टाकली. "मेलं ता. टाकून दे."

"मेलं नाही. रुसलंय. तुझ्यासारखंच."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. पण बऱ्याच दिवसांनी तिने आपण होऊन काहीतरी म्हटलं होतं. मी हट्टाला पेटले. हे जनावर आता जगलंच पाहिजे. ते मेलं तर आईचं खरं ठरणार होतं, दर्या खरंच संपला असं होणार होतं, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

एप्रिल लागला. दुपारी घरात भट्टी. वीज जायची, पंप बंद पडायचा. मग मी तांब्याने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत ओतत बसायची, वीज येईपर्यंत. कारखान्यातून बर्फ आणून प्लास्टिकच्या बाटल्यांत भरायची आणि त्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवायची. ऑफिसात सगळे मला हसत. "काय, मासळी ठेवलीयस की जावई?" मी म्हणायची, "जावई असता तर एवढं केलं नसतं."

तरी ते फूल उमलेना. धोंडा सोडून काचेला चिकटलं, मग तिथून सुटून तळाशी लोळलं. पाकळ्या अर्ध्याच बाहेर, सुरकुतलेल्या. उन्हाने टाकीतलं पाणी रोज खाली जायचं, आणि मी इमानेइतबारे समुद्रावर जाऊन कॅन भरून आणायची आणि टाकी पुन्हा काठोकाठ करायची. दर्याचं जनावर, त्याला दर्याचं ताजं पाणी. यापेक्षा चांगलं काय असणार? मी जितकं पाणी घालावं तितकं ते जास्तच आकसायचं.

एका रविवारी काचेच्या वरच्या कडेला पांढरी खपली जमलेली दिसली. बोटाने काढून जिभेला लावली. मीठ. पाणी उडून जातं, पण मीठ कुठे जाणार? ते आतच राहतं. आणि वर मी रोज आणखी खारं पाणी ओततेय. त्या जनावराला मी खारवत होते, कैऱ्या खारवाव्यात तशी.

खात्री करायला माप हवं होतं. आमच्या घरात एक लॅक्टोमीटर होता. दूधवाल्याला चोर ठरवण्यासाठी आईने तो वर्षानुवर्षं जपला होता. दूध दाट असेल तितका तो वर तरंगतो, आणि खारं पाणीही दाटच. मी तो आधी नुकत्याच आणलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडला. दूधवाल्याच्या दुधाला जेवढा आकडा यायचा, त्याच्या जरा खालीच थांबला. मग टाकीत सोडला. इतका वर उसळला की म्हशीच्या निरशा दुधातही तेवढा कधी आला नसता.

"त्यात कशाला घातलंस तो?" खाटेवरून आवाज आला. "दूध नासंल माजं उद्या!"

आई माझ्याकडे तोंड करून पडली होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

"दूध मीच मोजते हल्ली," मी म्हटलं. "तू झोप."

त्या दिवसापासून टाकीत कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने भरायचं ठरवलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, म्हणून शेजारच्या विहिरीचं. एकदम नाही; एकेक तांब्या, सकाळ-संध्याकाळ, लॅक्टोमीटर लावून. मला एकदम करायची सवय. जिथे तांब्या पुरे तिथे मी बादली ओतणारी. पण इथे घाई केली असती तर उरलंसुरलं जनावर गेलं असतं. हात बांधून घेतल्यासारखी मी तांब्या मोजत राहिले. आकडा हळूहळू खाली आला, समुद्राच्या पाण्याच्या आकड्याला टेकला, आणि मग एका सकाळी ते फूल पुन्हा धोंड्यावर चढून ताठ बसलेलं दिसलं, सगळ्या पाकळ्या पसरून, गुलाबी टोकं पंपाच्या बुडबुड्यांबरोबर हलवत.

मी आनंदाने ओरडले. कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून वरून सोडला. पाकळ्यांनी तो अलगद धरला आणि तोंडाकडे नेला.

"खाल्लान काय?" आईने विचारलं.

"खाल्लं!"

"मोटा होता तुकडा. बारीक कर." एवढं बोलून ती वळली नाही. बघत राहिली. त्यानंतर रोजच. मी दुपारी जेवायला आले की ती बातम्या द्यायची: सकाळी मिटला होता, मग उघडला, एक पाकळी वाकडी हाय. उठायची मात्र नाही. मी वॉकर आणून खाटेला लावला की म्हणायची, "इथनं दिसतंय मना."

आणि मग ते समुद्रफूल चालायला लागलं. या जनावराला पाय नाहीत, बैठकीवर सरकतं. दिवसाला जेमतेम दोन बोटं. त्याला धोंड्यावरची जागा पसंत नव्हती. धोंड्याला वळसा घालून ते पलीकडे गेलं आणि खिडकीकडच्या बाजूला, जिथे बाहेरचा उजेड येत होता, तिथे एका खाचेत घट्ट बसलं. खाटेवरून नुसता धोंडा दिसायला लागला.

"फिरव गो त्याला," आई म्हणाली.

"नाही फिरवत."

"धोंडा फिरव नायतर."

"त्याने उजेड बघून जागा धरलीय. फिरवला की पुन्हा भटकायला लागेल. एवढं करून बसलंय ते, मी हात लावणार नाही. बघायचं असेल तर पडवीत जा. खिडकीतून अगदी समोर दिसतं."

"मना जाता येत नाय म्हायत हाय तुला."

"येतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी डोळे वळवले नाहीत. टाकीच उचलून तिच्या उशाशी ठेवावी असं वाटत होतं. पण मे महिना तोंडावर आला होता आणि भावाचं तिकीट झालं होतं. मी वॉकरवरचा टॉवेल काढला, वॉकर खाटेला लावला आणि कामावर गेले.

पुढचे दिवस वाईट गेले. ती विचारायची, "खाल्लान काय?" मी म्हणायची, "बघ जाऊन." ती म्हणायची, "मर तू." मी म्हणायची, "बरं." रोज पडवीत उभी राहून मी त्या फुलाला कोळंबी घालायची, खिडकीच्या गजांतून हात घालून, आणि आत एक शब्द सांगायची नाही. आईशी इतक्या दुष्टपणे मी आयुष्यात वागले नव्हते. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी पुन्हा तशीच वागायची.

मग एका दुपारी मी जेवायला घरी आले तर खाट रिकामी. वॉकर नाही. न्हाणीघरात धावले, मागच्या दारी धावले. कुठेच नाही. पडवीतून खोकल्याचा आवाज आला.

ती खिडकीशी उभी होती. एक हात वॉकरवर, एक हात गजावर. पाय लटलट कापत होते, पातळ उंबऱ्याशी अडकून टरकलं होतं, कपाळावर घाम. मी धरायला गेले तर कोपराने ढकललं तिने मला.

"दोन दिस खाल्लान नाय ह्यानं," ती म्हणाली. "असा बारीक झालाय. तुजं लक्ष नाय."

"काल खाल्लं त्याने."

"खोटं बोलू नको. मी बघतंय ना हितनं." आणि मग, "उबी काय राह्यलंस? कोळंबी आण."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कोळंबी सोलता सोलता एवढी रडले की सुरी दिसेना.

त्यानंतर ती रोज जायला लागली. आधी मी घरी असताना, मग मी नसतानाही. बसायला खुर्ची ठेवली तर म्हणाली, बसून दिसत नाही. पडवीत उभं राहिलं की पाठीमागे माडांच्या आडून पांढरा समुद्र दिसतो, भरतीला आवाज येतो. ती त्या बाजूला ढुंकून बघत नव्हती. समुद्राकडे पाठ, नाक गजांना लावलेलं, आणि आतल्या त्या मूठभर जनावराला तोंडाचा पट्टा सुरू: आज उशिरा उघडलास, मेल्या, ऊन कवाचं आलंय.

भाऊ आला तो सकाळी. रिक्षातून उतरला, दोन रिकाम्या बॅगा हातात, आईचं सामान भरायला आणलेल्या. फाटकातून आत आला आणि पडवीच्या पायरीवरच थबकला. आई त्याला पाठमोरी उभी होती. वॉकर जरा बाजूला होता, ती नुसती गजाला धरून होती.

"आये," तो म्हणाला. "आये, मी तुला न्यायला आलोय."

तिने वळून बघितलं नाही.

"मना कुटं नेतोस? ही जाते कामाला, ह्याच्याकडं कोन बघंल?" ती म्हणाली. "आनि उजेडात उबा ऱ्हाऊ नको तू. मिटंल ता."

भावाने बॅगा खाली ठेवल्या आणि तो बाजूला सरकला.