सहा उलटी पुस्तकं

आमच्या शेजारच्या बाइंडरकाकांबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे मला जरा जडच जातं. गेली पंचवीस वर्षं मी त्यांची टिंगल करत आले आहे, आणि सवय अशी एका दिवसात सुटत नाही. त्यातून आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे आमचे हे रुमाल शोधतात. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते मी कान लावून ऐकलेलं नाही. ते आपोआप ऐकू आलं, त्याला माझा इलाज नाही.

काका जुनी पुस्तकं बांधतात. घरातली पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर लोखंडी दाबयंत्र, दाभण, सुया, मेणाचा गोळा आणि खळीचं पातेलं. त्यांचं मोठं गिऱ्हाईक एकच, चौकापलीकडचं वाचनालय. तिथून आलेल्या पुस्तकांना काका ‘पेशंट’ म्हणायचे. “आज एक म्हातारा दाखल झालाय. कणा पार गेलाय बिचाऱ्याचा,” असं गंभीर तोंड करून सांगायचे.

दीड वर्षापूर्वी काका स्वतःच पेशंट झाले. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं शाबूत राहिलं. काकू म्हणाल्या, “देवाने नेमकं नको ते ठेवलं.” म्हणाल्या आणि मोरीत जाऊन रडल्या. तेही भिंतीतून आलं.

डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. काकांनी तो आठवडाभर दाबला आणि मग खिडकीत ठेवून दिला. “याने चेंडू दाबता येईल. मला दोरा ओवायचाय,” म्हणाले आणि सुई डाव्या हातात धरली. पहिल्या दिवशी दोरा ओवायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

मी दारातून म्हटलं, “काका, तोवर मी स्वेटर विणून आणते.”

“आण. मापाचा आण. तुझ्या मागच्या स्वेटरमध्ये आम्ही दोघं मावत होतो.”

अवघड होतं ते शिवणं. सोळा पानांच्या घडीला बाइंडर लोक फर्मा म्हणतात. असे दहा-वीस फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने एकमेकांना गुंफायचे. काकांचा उजवा हात हे डोळे मिटून करायचा. डाव्याला ओ की ठो कळत नव्हतं. मग काकांनी युक्ती काढली. काकूंना टेबलाच्या पलीकडे, स्वतःच्या समोर बसवलं. काका सांगतील तसं काकू उजव्या हाताने शिवायच्या आणि काका आरशात बघावं तसं त्यांचं बघून डाव्याने शिवायचे. फर्मा दाबून धरायला लुळा उजवा हात त्यावर ठेवत आणि हातावर शिशाची पट्टी. “तेवढं वजन पेलतोय, म्हणजे नोकरीवर आहे अजून,” म्हणत.

रोज सकाळी नऊ ते बारा हा संसार चाले.

“अहो, ताणू नका, कागद फाटेल.”

“तीस वर्षं मी तुला काही शिकवलं का?”

“शिकवलं नाहीत, म्हणूनच मला येतंय.”

मी एकदा विचारलं, “काका, एवढी उमेद आणता कुठून?” मला वाटलं, काहीतरी भारदस्त ऐकायला मिळेल. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जोड्यातली एकच चप्पल घालून आले आहे. “उमेद कसली? तिकडे पोरांच्या पुस्तकांची पानं गळताहेत. ती कोण शिवणार, तू?” झालं. एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यावर माणूस दीड वर्ष रोज नऊला टेबलाशी बसला.

मधल्या काळात वाचनालयाने पुस्तकं यंत्रवाल्याकडे द्यायला सुरुवात केली होती. तो फर्मे शिवत नाही, कडा कापून डिंक लावतो. ग्रंथपालबाई स्पष्ट बोलणाऱ्या. काकांना म्हणाल्या, “मुलांची सहा पुस्तकं देते. शनिवारी मी स्वतः बघायला येईन. जमलं तर काम तुमच्याकडे. नाही जमलं तर सोमवारी यंत्रवाल्याशी कायमचं ठरवते. मग पुन्हा विषय नको.”

पाच दिवस भिंतीपलीकडून भांडणसुद्धा ऐकू आलं नाही. मला करमेना. शुक्रवारी काकांनी सहाही पुस्तकं पुठ्ठ्यात बसवून दाबयंत्रात ठेवली. शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी हजर. वरचं पुस्तक उचललं. कणा सरळ, कोपरे टोकदार, खरंच देखणं. उघडलं, तर आतला हत्ती डोक्यावर उभा!

मला आधी वाटलं, हत्ती सर्कशीतला असेल. मग अक्षरं पाहिली. तीही डोक्यावर. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सहाच्या सहा उलटी.

काकूंच्या लगेच लक्षात आलं. पुठ्ठे चिकटवताना पालथे असतात, नाव खालच्या बाजूला, त्यामुळे वर-खाली दिसत नाही. ते रचून ठेवले होते काकूंनी. समोर बसून, त्यांच्या बाजूने सरळ. म्हणजे काकांच्या बाजूने उलटे.

“माझ्यामुळे झालं,” त्या एवढंच म्हणाल्या.

“तू रचलेस, चिकटवले मी. डोळे मला नाहीत का?” काकांनी एकेक पुस्तक डाव्या हाताने उघडून पाहिलं. सहावं मिटलं आणि काय म्हणावं या माणसाने? “बघ, एकही वाकडं नाही. सहाही सारखीच चुकलीत. हात बसला म्हणायचा!”

मी काकांची पुष्कळ थट्टा केली आहे. त्या मिनिटाला मी थट्टा सोडून पुस्तक फिरवलं आणि हत्ती सरळ धरला. आमच्या घरात याची नोंद झाली आहे.

मग सवय परत आली. “काका, बाईंना सांगा, नवी फॅशन आहे.”

“गप. आहे ते दाखवायचं.”

अकराला ग्रंथपालबाई आल्या. बसायच्या आतच काका म्हणाले, “बाई, सहाही पुठ्ठे उलटे लागलेत. चूक माझी. शिवण बघा आणि मग काय ते ठरवा.”

बाईंनी हत्ती पाहिला. हसल्या नाहीत. चष्मा वर सारला, पुस्तक बरोबर मध्यावर उघडून टेबलावर ठेवलं, तळहाताने दाबलं आणि हात काढून घेतला. पानं तशीच पसरून राहिली. यंत्रवाल्याचं पुस्तक अशा वेळी फटकन मिटतं. बाईंनी एक पान धरून ओढलं. हललं नाही. असं त्यांनी सहाही पुस्तकांना केलं. काकू पदराशी चाळा करत उभ्या, आणि काका त्या पुस्तकांकडे शाळेचा निकाल लागावा तसे बघत होते.

“पुठ्ठे काढून सरळ लावा,” बाई शेवटी म्हणाल्या. “बुधवारी द्या.”

“मंगळवारी देतो.”

“बुधवारीच द्या. घाई नको. आणि बाकीची चाळीस सोमवारी शिपायाबरोबर पाठवते. यंत्रवाल्याला मी कळवते.”

बाई गेल्या तशा काकू मटकन स्टुलावर बसल्या. काकांनी मात्र लगेच पातं उचललं आणि हत्तीचा पुठ्ठा कडेने सोडवायला घेतला.

सोमवारी चाळीस पुस्तकं आली. तेव्हापासून काकू प्रत्येक पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने बाण काढतात आणि बाणाशेजारी ठळक अक्षरांत ‘वर’ असं लिहितात.

परवा काकांनी ते पाहिलं. “काय गं, बाण पुरे होता की. मला अडाणी समजतेस?”

“अडाणी नाही,” काकू म्हणाल्या, “डावरा समजते.”