पिन बदलणारे मामा

धडधाकट चालणारी वस्तू पाहून ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस उभ्या बदलापुरात एकच आहे, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा आहेत. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची सगळी हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोर्चा आमच्या घराकडे वळवला. मिक्सरचं झाकण शेजारच्यांच्या भांड्यावर "जास्त घट्ट बसतं" म्हणून परस्पर बदलून आले. बायकोच्या शिलाई मशिनची बॉबिन केस उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका जीन्सवाल्याच्या मशिनला लावली, त्याची आमच्या मशिनला. तेव्हापासून दोन्ही मशिनी इमानाने दोरा तोडतात. तक्रार केली की म्हणणार, "जावईबापू, तुम्हाला यंत्राचं मन कळत नाही."

शेवटी अंबरनाथ पूर्वेच्या एका रायफल क्लबने त्यांच्याकडे रायफलींची देखभाल सोपवली, तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले. माझी लेक त्याच क्लबात नेमबाजी शिकते, हे आनंदाच्या भरात विसरलो. तिथे एकाच बनावटीच्या दोन जुन्या रायफली होत्या, एक नंबरची आणि नऊ नंबरची. मुठीला धरून मागेपुढे ओढतात तो बोल्ट, आणि त्याच्या पोटात गोळीवर आपटणारी पिन. प्रत्येक पिन मामांनी ज्या त्या बोल्टला घासून बसवलेली, वर बारीक मराठी आकडा कोरलेला, एकीवर १, दुसरीवर ९. "हिची पिन तिला घातलीत तर याद राखा!" असं ते कोचलासुद्धा दरडावत.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत लेकीने चाप ओढला, तर नुसतं 'टक्'. दुसरी गोळी, पुन्हा 'टक्'. "आजोबा, वाजतच नाहीये!" कोचने बोल्ट उघडला आणि कपाळाला हात लावला. पिनांची अदलाबदल झाली होती.

"मुद्दाम बदलली," मामा ताठ मानेने म्हणाले. "प्रयोग होता."

"आजच सुचला तुम्हाला प्रयोग?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "पोरीचं वर्ष वाया जाईल, मामा!"

कोचने दहा मिनिटं दिली. मामा दोन्ही बोल्ट खोलून टेबलाशी बसले. हात झरझर चालले आणि एकदम थांबले. तळहातावर दोन पिना घेऊन ते खिडकीकडे वळले, एक डोळा मिटला, मग दुसरा. लेक जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, ही एकची. ती नऊची."

पुढचं काम त्यांनी मिनिटभरात केलं. रायफल चालली, पण लेकीचा हात बसायला वेळ लागला आणि निवड एका गुणाने हुकली. पिनेबद्दल ती कुणाशी चकार शब्द बोलली नाही. मी मात्र दिवसभराचा राग जिभेवर घेऊन परतीच्या रिक्षात बसलो होतो.

रिक्षा मोठ्या रस्त्याला लागल्यावर मामाच म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्याल का मला? मामीला सांगू नका, उगाच घाबरते ती."

"उद्याच जाऊ," मी म्हणालो. शेजारी बसलेल्या लेकीने त्यांचा तेलकट हात आपल्या हातात घेतला, आणि बदलापूर येईपर्यंत सोडला नाही.