रिकाम्या घरांत मग कोण राहायला आलं

निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी हे काम अंगावर घेतलं. इंटरनेटवर मराठीत प्रश्न विचारायची एक जागा आहे. कोणीही काहीही विचारावं आणि ज्याला त्यातलं कळतं त्याने फुकट उत्तर द्यावं, अशी तिची रीत. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला होता. शिवाय नागपूरला एम. ए. करताना संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकले होते. शब्दकोश शेजारी ठेवला की अजून हळूहळू वाचता येतं. म्हणून नाव नोंदवताना विषयाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘रशियाचा इतिहास’. त्या रकान्यात दुसरं कोणी नव्हतं. अजूनही नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. पोरं परीक्षेपुरतं विचारायची, ‘क्रांतीची कारणं पाच मुद्द्यांत सांगा’. मी सहावा मुद्दा घातला तर रागवायची. पण मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि प्रश्नांचा सूरच बदलला. लोकांना उत्तर नको होतं, बाजू हवी होती. एकाच उत्तराखाली सकाळी कोणी मला रशियाची दलाल म्हणे आणि जेवणं आटोपेपर्यंत दुसरा अमेरिकेची दलाल म्हणे. कुठून तरी उचललेले चुकीचे परिच्छेद लोक माझ्या तोंडावर फेकायचे आणि ते चूक का आहेत हे दाखवण्यात माझी अख्खी दुपार जायची. डोळे चुरचुरायचे. मानेत कळ यायची.

माझे यजमान कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. ते समोर बसून शेंगा सोलता सोलता म्हणायचे, “तुले कोणी सांगतलं हे? रशियावाल्यांनी चिठ्ठी धाडली होती का?”

“नाई.”

“मंग काऊन जीव काढून राह्यली?”

खरं सांगायचं तर सोडून द्यावं असं मी तेव्हा रोजच ठरवत होते.

अशात एक प्रश्न आला. मी पूर्वी क्रीमियातल्या तातार लोकांवर एक लांब उत्तर लिहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्या सगळ्या लोकांना शत्रूला फितूर ठरवलं. पहाटे शिपाई दारात आले. थोड्याच मिनिटांत जे हाती लागेल ते घ्यायला सांगितलं, आणि बायकापोरांसकट सगळ्यांना मालगाड्यांत कोंबून दूर मध्य आशियात नेऊन टाकलं. त्या उत्तराखाली एका बाईने विचारलं होतं, ‘गाडीत बसवताना त्यांना कुठे नेतात हे सांगितलं होतं का?’

मी लिहिलं की बहुतेकांच्या आठवणींत तरी नाही. पुष्कळांना वाटलं होतं, आपल्याला मारायलाच नेत आहेत.

दुसऱ्या दिवशी तिचं पुन्हा आलं. ‘माझे बाबा विचारतात. ते मराठी वाचत नाहीत, मी वाचून बंगालीत सांगते. ते म्हणतात, त्या रिकाम्या घरांत मग कोण राहायला आलं?’

मी खुर्चीत मागे टेकून बसले. एवढी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. माझं उत्तर गाडीबरोबर निघून गेलं होतं. मागे घरं राहिली होती, गोठ्यात गुरं राहिली होती, त्यांचं काय झालं हे माझ्या उत्तरात नव्हतंच.

आठ दिवस वाचलं. मग लिहिलं. त्या घरांत रशियातून, युक्रेनमधून शेतकरी कुटुंबं आणून बसवली. युद्धात त्यांचीही गावं बेचिराख झालेली. त्यांना द्राक्षाच्या बागा कशा राखायच्या हे ठाऊक नव्हतं, डोंगरउतारावरचं पाणी कसं वळवायचं ते ठाऊक नव्हतं. वेली वाळल्या. कित्येक जण कंटाळून परत गेले.

त्यावर फोन नंबर आला आणि एक ओळ, ‘बाबा म्हणतात, बाईंना एकदा भेटायचं आहे. आम्ही मुलचेऱ्याजवळ राहतो.’

भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून दुसरी बस, गोंडपिपरी, आष्टीचा पूल. पुढे खनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात जाणारा रस्ता. हाडं खिळखिळी झाली. मुलचेऱ्याला ती मला घ्यायला आली होती. चाळिशीची, साडीचा पदर घट्ट खोचलेला. घर तळ्याकाठी होतं. तिचे बाबा ओसरीवर बसले होते. बारीक अंगाचे, पांढरी लुंगी, कानाने थोडं कमी ऐकणारे. मला मुरमुरे, गूळ आणि पाणी दिलं.

मग म्हणाले, “बाई, मी बारा वर्साचा होतो. आमचा घर सरहद्दीच्या पलीकडे, तिकडच्या बंगालात, नदीच्या काठावर. दंगा झाला, सब छोडून आलो. गाडीत बसवला. कोणी नाई बोलला कुठी जायचा. छावणीत ठेवला, मग ट्रकनी इथी आणला. बोलले, जंगल आहे, साफ करा, तुमचा आहे.”

“तुमच्या तिकडच्या घरात कोण राहतं, कळलं कधी?”

“ते नाई मालूम.” त्यांनी हात हलवला. “ते मी नाई विचारला. मी इथला विचारला.”

मला समजलं नाही. त्यांनी शेताच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक मोहाचं झाड होतं.

“पहिल्या वर्षी फुलं पडली तर एक बाई आली. पलीकडच्या गोंड लोकांच्या गावातली. टोपली घेऊन. बोलली काही नाई, वेचायला बसली. माझी आई काठी घेऊन धावली. चोर, चोर बोलली. ती बाई गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. आई परत धावली. तीन वर्सं असाच चालला. मग एकदा तिचा नवरा आला, थोडी हिंदी येत होती त्याला. बोलला, हे झाड तिच्या सासूनी राखला, त्याच्या आधी सासूच्या सासूनी. तुमच्या कागदात हे नाई लिहिला का?”

“मग?”

“मग आई रडली. किती रडली! बोलली, आमचा घर दुसऱ्यांनी घेतला म्हणून मी रोज शाप देते, आणि इथी मीच बसली. त्याच्यानंतर फुलं तेच नेतात. आता तिची नातसून येते. पण तीन वर्सं तर मारला ना आम्ही.”

त्यांची लेक मान खाली घालून बसली होती. हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं, असं तिने नंतर मला सांगितलं.

“हे बी लिहा,” ते म्हणाले.

“भाऊ, माझ्याकडे फक्त रशियाचा विभाग आहे.”

ते हसले. “तेच तर बोलून राह्यलो. रशियाचाच आहे हा.”

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. घरी पोचून संगणक उघडला, तर क्रीमियावरची दोन्ही उत्तरं काढून टाकलेली. मी नव्हते त्या दोन दिवसांत तिथे मोठं भांडण पेटलं होतं. दोन्ही बाजूंनी मिळून तक्रारी केल्या होत्या आणि व्यवस्थापनाने ‘वादग्रस्त मजकूर’ म्हणून सगळंच पुसलं होतं. मी विचारणा केली. ठरावीक चार ओळी परत आल्या. पुन्हा विचारावं एवढी ताकद माझ्यात नव्हती.

मुलचेऱ्याला फोन करून सांगितलं. पलीकडून लेक म्हणाली, “बाबांना सांगू का?”

“सांग. आणि सांग, मी परत लिहीन.”

खरोखर लिहिलं, पण त्याला तीन महिने लागले. या वेळी रिकाम्या घरांपासून सुरुवात केली आणि ज्यांना आणून बसवलं त्यांच्यावर जास्त लिहिलं. त्यांची वाळलेल्या वेलींसमोरची लाज, वापरात आलेली दुसऱ्याची भांडीकुंडी. मोहाच्या झाडाचं तिथे लिहिता आलं नाही. ते मी वहीत लिहून काढलं आणि त्याची एक प्रत पोस्टाने मुलचेऱ्याला पाठवली. क्रीमियावरचं ते नवं उत्तर अजून तिथे आहे. फार कोणी वाचत नाही, त्यामुळे भांडणही नाही.

बाबा त्या थंडीत गेले. लेकीने फोन करून कळवलं.

काल सकाळी कोणीतरी विचारलं आहे, ‘रशिया एवढा मोठा कसा झाला?’ यजमानांनी चहा आणून ठेवला, पडद्याकडे पाहिलं, आणि ते शेंगा सोलायला समोर बसले. मी चष्मा पुसला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. सैबेरियात आधी कोण कोण राहत होतं, तिथून सुरू करावं लागेल. लांब होईल.