गुळणी आणि उलटी

माझी बहीण बाळंतपणाला माहेरी, लोणावळ्याजवळच्या औंढ्याला आली होती. बाळ महिन्याचं झालं आणि पाजलेलं सगळं दूध बाहेर टाकू लागलं. त्याला न्हाऊ घालणाऱ्या सुईण मावशींनी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या. मी तेव्हा रूढींवर तुटून पडणारी पत्रकं वाचून पेटलेला होतो.

"मावशी, हे थोतांड इथं चालायचं नाही. बाळं दूध टाकतातच, पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकानं किती पोरं न्हाऊ घातली, दादा? गुळणी व्हटावरनं वघळती. ह्ये दूध हातभर लांब उडतंय, ही उलटी हाय. लंगोट बी सुकाच ऱ्हातोय. मीठ ऱ्हाऊ द्या, पर लोणावळ्याला डाक्टरकडं न्या."

मी त्यांना हाकललं.

चौथ्या दिवशी बाळाला रडायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा आम्ही लोणावळ्याला धावलो. डॉक्टरांनी विचारलं, "दूध ओघळतं की उडतं? लंगोट किती भिजतात?" बहिणीने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी बाळ गेलं.

रूढींशी माझं भांडण आजही तसंच आहे. पण ते बाळ माझ्या ताठ्याने गेलं, हे लिहायची हिंमत मला आजवर झाली नव्हती.