आसेगावला पाठवलेला ड्रायर

पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला निघालो, त्या सकाळी माझी एकुलती एक चांगली पँट ओली होती. आसेगावात झड लागली होती, म्हणजे दिवसच्या दिवस न थांबणारी बारीक रिपरिप. मायनं चूल पेटवली आणि पँट दोन्ही हातांनी जाळावर धरून उलटीपालटी करत उभी राहिली. दादा दारात सायकलला बॅग बांधून ओरडत होता, "एस्टी निंघून जाईन ना माय!" ती हलली नाही. "जाऊ दे. ओलं घालून धाडू काय राजूले?" पायांवर प्लास्टिक गुंडाळून मंगरूळपीरच्या स्टँडवर पोचेपर्यंत पँट अंगाला ऊबदार लागत होती. धुराचा वास मात्र पुण्यापर्यंत आला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्न झालं. प्राजक्ता आणि मी दोघंही नोकरी करतो, मुली शाळेत जातात. आठव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटला बाल्कनी आहे, पण कठड्यावर कपडे टाकायचे नाहीत असा सोसायटीचा नियम. म्हणून आम्ही ड्रायर घेतला. माय एकदा राहायला आली, तेव्हा त्यातून निघालेला टॉवेल गालाला लावून म्हणाली, "ऊन नाही, वारा नाही, अन् वायलं कसं गा हे?" वायलं म्हणजे वाळलं. गावी परतल्यावर विहारात जमलेल्या बायांना ती कितीतरी दिवस त्या यंत्राबद्दल सांगत होती म्हणे.

मागच्या वर्षी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली. मी धावत गेलो, अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो आणि रजा संपली तसा परत आलो. माझ्यासारखे जे गाव सोडून गेले आहेत, त्यांना ही परतीची बस ठाऊक आहे. खिडकीतून हात हलवताना आपण मनात म्हणतो, दादा आहे, वहिनी आहे. ती दोघं नसती तर आपण काय केलं असतं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

वहिनीचं नाव शोभा. माहेर मानोऱ्याचं. दोन लेकरांची शाळा, चूल, शेतातली निंदणी हे सगळं तिच्याकडे आधीपासून होतंच, त्यात आता अंथरुणाला खिळलेली माय आली.

पावसाळ्यात एका रविवारी व्हिडिओ कॉल केला, तर वहिनीच्या मागे घरभर दोऱ्या बांधलेल्या. मायच्या चादरी, तिची पातळं, लेकरांचे शाळेचे कपडे, दादाची शेतातली पँट, सगळं लोंबत होतं. दादा म्हणाला, "चादर वायतच नाही गा. ओलसर टाकली का मायच्या पाठीले जखमा होतात."

ते ऐकून मला हलकं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. कारण ही एक अडचण अशी होती, जी मी पुण्यात बसून सोडवू शकत होतो.

मग मी पेटलोच. जेवताना, कॅबमध्ये, मीटिंगच्या मधल्या वेळात ड्रायरचे व्हिडिओ बघू लागलो. आमच्याकडचा हीट पंपवाला, विजेला हलका. पण त्यात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर, तो बिघडला तर आसेगावला कोण येणार? दुसऱ्या प्रकारात कपड्यांतलं पाणी टाकीत साठतं आणि टाकी सतत रिकामी करावी लागते, म्हणजे वहिनीला आणखी एक काम. तिसरा अगदी साधा. हवा तापवतो, ड्रम फिरवतो आणि दमट हवा नळीनं भिंतीबाहेर सोडतो. वीज जास्त खातो, पण आत बिघडण्यासारखं थोडंच असतं, आणि ते मंगरूळपीरचा मेकॅनिक दुरुस्त करू शकतो. तोच घेतला. दादानं वायरमन बोलावून जाड वायर ओढली, वेगळा पॉइंट काढला, स्टॅबिलायझर बसवला. माणसं जास्त आणि दुरुस्तीवाला लांब असेल, तर जे यंत्र जवळचा माणूस उघडू शकतो तेच भरवशाचं, हे माझं मत आजही तसंच आहे.

मशीन खरंच चांगली निघाली. मायच्या चादरी जेवणं उरकेपर्यंत कोरड्या होऊ लागल्या, घरातल्या दोऱ्या निघाल्या. ऑफिसात मी ही गोष्ट बऱ्याच जणांना सांगितली. फोनवरही माझं तेच चालायचं. धाग्यांची जाळी साफ केली का? नळी वाकली तर नाही ना? लाईन गेली तर बटण बंद करता ना?

एका दुपारी वहिनीनं मला मध्येच तोडलं.

"भाऊजी, जाळी साफ हाय, नळी सरळ हाय. आता दुसरं काही विचारा ना."

"दुसरं काय?"

"मशीन कपडे वायवते. आईची कूस कोण बदलते? भिजलेली चादर खालून कोण काढते?"

मी म्हणालो, "बाई ठेवू का कामाला?"

"ठेवून पाह्यली तुमच्या भावानं. आई तिच्या हातानं घासच घेत नाही." मग म्हणाली, "माह्या मायच्या डोयाचं ऑपरेशन झालं. मानोरा काही लांब नाही, पण मले जाता आलं नाही. मशीन देल्ली तुमी, आता आठ दिवस द्या मले."

तिच्या आवाजात राग नव्हता. फोन ठेवल्यावर मी किती रजा उरली आहे ते बघितलं.

ऑफिसात काम तुंबलं होतं, मुलींच्या परीक्षा तोंडावर होत्या. प्राजक्तानं माझी सगळी कारणं ऐकून घेतली आणि म्हणाली, "मुलींचं मी बघते. तू जा."

वहिनीनं निघायच्या आधी मला सगळं शिकवलं. मायच्या पाठीखाली हात कुठे घालायचा, पावडर कधी लावायची, कोणत्या चादरीखाली प्लास्टिक टाकायचं. लेकरांना शाळेत पोचवून ती स्टँडवर गेली, आणि दादा शेतात. घरात मी आणि माय उरलो.

दुपारी अंथरूण भिजलं. मी जवळ गेलो तर मायनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू नको, बाप्पा. शोभाले बलाव."

"वहिनी मानोऱ्याले गेली ना माय."

"तं राहू दे तसंच. शोभा येईन ना."

मी पातळ सोडू लागलो. तिनं चांगल्या असलेल्या डाव्या हातानं पदर ओढून तोंड झाकून घेतलं. पदराखाली तिचे खांदे हलत होते. धुणं भिजवलं, घासलं, पिळलं, ड्रायरमध्ये टाकलं आणि ड्रम फिरू लागल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं, चादरींचा प्रश्न मी सोडवला. मी त्यातला सगळ्यात सोपा भाग विकत घेऊन पाठवला होता, आणि वर त्याची विचारपूस करत होतो.

हळूहळू मायनं तोंड झाकणं सोडलं. कोरडी, गरम चादर पायावर टाकली की ती डोळे मिटायची. त्या वेळी मशीन घेतल्याचं मला समाधान वाटायचं.

वहिनी परतली तेव्हा कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा उतरलेला दिसला नाही. आल्या आल्या तिनं मायची पाठ तपासली आणि मान हलवली. तेवढी पावती मला पुरली. आता दर दोन-तीन महिन्यांनी मी जातो आणि ती मानोऱ्याला जाते. हे फार थोडं आहे, मला कळतं. बाकीचे सगळे दिवस तिचेच आहेत. घर कुठलं असं कोणी विचारलं की मी अजूनही आसेगाव सांगतो. ते घर उभं ठेवणारी बाई मात्र मानोऱ्याहून आलेली आहे.

परवा गेलो होतो. दुपारच्या गोळीनंतर मायला गुंगी येते, माणसं ओळखू येत नाहीत. मी तिची चादर बदलत होतो. डोळे न उघडता तिनं विचारलं, "शोभा, राजूचा फोन आल्ता काय?"

"आल्ता," मी म्हणालो. "येतो म्हने."

"घाई नको करू म्हनाव त्याले. तिकडं लय काम राह्यते त्याले."

"बरं," मी म्हणालो, आणि पाठीखाली हात घालून तिला हळूच डाव्या कुशीवर वळवलं.