भाषणातून गाळलेला शब्द

माझ्या नवऱ्याला शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांचं वेड. साताऱ्याच्या घरी त्याच्या ढालींनी एक अख्खं कपाट अडवलंय आणि सासूबाई दर दिवाळीला त्या पुसून पुन्हा मांडतात. कतारला येऊन तो पाइपलाइनच्या कामावर इंजिनियर झाला. साइटवर भाषण कोण ऐकणार? ती मला ऐकावी लागतात. त्यामुळे लेकीला शाळेत भाषण करायचंय म्हटल्यावर त्याच्या अंगातच आलं.

आम्ही तेव्हा अल थुमामाला राहत होतो. वर्ल्ड कपचं स्टेडियम घराजवळच उभं राहत होतं, कुठला ना कुठला रस्ता सतत बंद असायचा आणि शाळेची वाट रोज नव्याने शोधावी लागायची. लेक नववीत होती. इतिहासाच्या बाईंनी वर्गाची अमेरिकन संसद केली होती, यादवी युद्धाच्या आधीची. देशाला नवं राज्य जोडायची वेळ आली की भांडण ठरलेलं: तिथे गुलाम ठेवायची मुभा द्यायची की नाही? संसदेत आपलं पारडं हलकं झालेलं दोन्ही बाजूंना नको होतं. मग कशीबशी तडजोड व्हायची आणि पुढच्या राज्याच्या वेळी तेच भांडण पुन्हा, आणखी चढ्या आवाजात. बाईंनी बाजूंच्या चिठ्ठ्या टाकल्या. लेकीला मुभा मागणाऱ्यांची बाजू आली. आणि तिच्यासमोर उभी राहणार होती तिचीच जिवलग मैत्रीण.

ही मैत्रीण अमेरिकन, काळ्या घरातली, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं हसणारी. तिच्या पणजीची आजी लहान असताना बाजारात विकली गेली होती. हे तिने एकदा आमच्याच स्वयंपाकघरात, ओट्यावर बसून सांगितलं होतं.

"आई, आय कान्ट से धिस इन फ्रंट ऑफ हर," लेक रडकुंडीला आली. मैत्रीण पुन्हा आपल्याशी बोलणारच नाही, ही तिची खरी भीती.

"अगं, नाटकातला खलनायक घरी जाऊन वरणभातच खातो ना?" नवरा म्हणाला. "बाजू कुठलीही असो, भाषण पडता कामा नये."

मग काय, आमच्या हॉलचं व्यासपीठ झालं. सुरुवात संथ, मध्ये सभेला एक प्रश्न, शेवटाला आवाज चढता. "आणि गुलाम हा शब्द तोंडातून काढायचाच नाही," नवऱ्याने बजावलं. "मालमत्ता म्हण. हक्क म्हण. आमची रीत म्हण. लोकांना भांडणाचा कंटाळा आलेला असतो, त्यांना शांतता विक." मी कणीक मळता मळता ऐकत होते आणि, खरं सांगते, मलाही ते भाषण आवडलं. आपल्याकडे पहिला नंबर म्हटला की पुढचं काही दिसत नाही.

एकदा शाळेतून येताना स्टेडियमवरच्या परदेशी कामगारांच्या बसमागे आम्ही अडकलो. लेकीने विचारलं, "बाबा, यांना वाटेल तेव्हा आपल्या देशात, घरी जाता येतं?" तो म्हणाला, "तो वेगळा विषय आहे," आणि एसी वाढवला. लेक बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

भाषणाच्या दिवशी नवरा मुद्दाम लवकर सुटून शाळेच्या फाटकाशी हजर. मी शेजारी. लेक एकटीच बाहेर आली.

"काय, पहिला नंबर?"

"दे व्होटेड फॉर मी," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर बसून हमसून हमसून रडायला लागली.

जवळजवळ सगळ्या वर्गाने तिच्या बाजूने हात वर केले होते. चांगल्या घरची, गोड मुलं. त्यांनी हक्क ऐकला, शांतता ऐकली आणि विकलेली माणसं विसरली. मैत्रीण उत्तर द्यायला उठली, पण संतापाने तिला शब्दच फुटेना. मधल्या सुट्टीत ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. एक देश बोलता बोलता स्वतःवरच बंदुका कसा रोखतो, ते मला तेव्हा गाडीत कळलं. नवऱ्याने गाडी सुरू केली आणि नंबराचा विषय पुन्हा काढला नाही. आमच्या घरात ही बातमीच म्हणायची.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी बेल वाजली. दारात मैत्रीण. लेकीकडे न बघता ती सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अंकल, ते भाषण तुमचं होतं. या घरात तुमची भाषणं ऐकलीत मी, लगेच ओळखू आलं. बाईंनी मला उत्तर द्यायला पुढचा तास दिलाय. यल्ला, चला, आता मला शिकवा."

नवऱ्याची कळी खुलली. बाह्या सरसावत त्याने सुरू केलं, "हे बघ, सुरुवात संथ..."

"सुरुवात ठरलीये," ती म्हणाली. "तुम्ही जो शब्द गाळलात, तोच माझा पहिला शब्द."

आणि हॉलच्या मधोमध उभं राहून ती म्हणाली, "गुलाम." मग तिने पणजीच्या आजीचं नाव घेतलं. तिला कुणी विकलं, कुणी घेतलं आणि त्या दिवशी तिची आई कुठे उभी होती, ते सांगितलं. हात हलला नाही, आवाज चढला नाही. नवऱ्याने बाह्या हळूच खाली केल्या आणि डोळे पुसले.

सोफ्याच्या कोपऱ्यातून लेकीने घाबरत विचारलं, अजून रागावली आहेस का.

"हो, खूप," मैत्रीण म्हणाली. "सरक तिकडे, मला बसू दे."